सायकल कशाने आदळते

प्रिय भिंगरी,

फोनवर तू विचारलंस, नवी सायकल घ्यायची तर फ्रेम कशाची घेऊ, आणि मी म्हणालो, लिहून कळवतो. तुला नवल वाटलं असणार. एरवी सायकलीचा विषय निघाला की तुझा कान गरम होईपर्यंत मी फोन सोडत नाही, आणि त्या दिवशी मात्र दोन वाक्यांत आवरतं घेतलं. तुझी आई समोरच मटार सोलत बसली होती. तर आता बसलोय लिहायला. दुपार आहे, कारखान्याचं दार सताड उघडं आहे, आणि शेजारच्या शिंप्याची मांजर टेबलावर नेमकी तिथेच पसरली आहे जिथे मला कागद ठेवायचाय. त्यामुळे अक्षर तिरकं आलं तर दोष तिचा.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो, नाहीतर म्हणशील बाबा नेहमीसारखे भरकटले. स्टीलच्या नळ्या बारीक असतात. त्या किंचित लवतात आणि परत जागेवर येतात. चांगल्या स्टीलची फ्रेम रस्ता कसा आहे ते तुला सांगते, पण तुझ्यावर ओरडत नाही. ॲल्युमिनियम हलकं, पण बिचारं लवून लवून थकतं आणि एक दिवस तुटतं. म्हणून बनवणारे त्याच्या नळ्या जाड आणि ताठ ठेवतात. पायडल मारलं की ती सायकल चटकन पुढे उसळते, मजा येते, पण खडबडीत रस्त्यावर तो ताठा मनगटांना कळतो. कार्बन म्हणजे खरं तर धाग्यांचं कापड आणि राळ, थरावर थर. शिंप्याने कोटाला खांद्यात अस्तर घालावं आणि बाहीत घालू नये, तसं कार्बनवाल्यांना जिथे हवं तिथे ताठ आणि जिथे हवं तिथे मऊ करता येतं. रस्त्याची बारीक थरथर ते पिऊन टाकतं. काहींना ते फार आवडतं, मला मात्र घोंगडी पांघरून कुणाशी तरी बोलतोय असं वाटतं. टायटॅनियम म्हणजे श्रीमंताघरी दत्तक गेलेलं स्टील. झालं. पण हे सगळं सांगून झाल्यावर गिऱ्हाइकाला मी जे सांगतो ते तुलाही सांगतो. रुंद टायर आणि त्यात थोडी कमी हवा, एवढ्याने जो आराम मिळतो तो फ्रेमचा धातू बदलून क्वचितच मिळतो. हे ऐकलं की गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. लोकांना फ्रेमचं कौतुक ऐकायचं असतं, टायरचं कोण ऐकतंय. आणि माझा धंदा फ्रेमचा, त्यामुळे मीही ते जरा हळू आवाजातच सांगतो.

आता तुझ्या आईच्या सायकलीचं सांगतो. ते तुला अर्धंच माहीत आहे.

तू पहिल्या पगारातून तिला ती निळी ॲल्युमिनियमची सायकल पाठवलीस, तेव्हा ती किती हरखली होती ते तू पाहिलं नाहीस. माझ्या हातच्या स्टीलच्या सायकलीवर ती वर्षानुवर्षं घरोघरी फिरली, कुणाची मलमपट्टी कर, कुणाला इंजेक्शन दे. निळी आल्यावर तिने माझी एका बाजूला लावली आणि मला म्हणाली, तुमचीला जरा विश्रांती घेऊ दे. गल्लीतल्या प्रत्येकाला थांबवून सांगायची, लेकीने दिली. मी दारात उभा राहून ऐकायचो आणि आपल्याला काही वाटत नाही असं दाखवायचो. मग थंडी सुरू झाली आणि तिची कुरकुरही. मनगटं भरून येतात, सायकल आदळते, हाडं खिळखिळी होतात. मी म्हणालो, ॲल्युमिनियम आहे, असंच व्हायचं. खोटं कशाला सांगू, म्हणताना थोडं बरंही वाटलं. निळी भिंतीला टांगली गेली, आई माझ्या जुन्या सायकलीवर परत आली. तुला हे फोनवर कळलं तेव्हा तू असू दे म्हणालीस, आणि पुढचे कितीतरी फोन सायकलीचं नाव काढलं नाहीस. तुझी आई तुझ्या न बोलण्याला बरोबर ओळखते. त्या दिवशी फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "पोरीला लागलं हो."

गंमत अशी की आदळणं थांबलं नाही. तीच फ्रेम, जिच्यावर ती अर्धं आयुष्य फिरली, ती आता आदळायला लागली. मी म्हटलं टायर बदलू. दाराच्या चौकटीतून जेमतेम जातील एवढे रुंद टायर घातले. तेवढ्यात दिवस मोठे झाले, उन्हाळा आला, आणि तिची तक्रार बंद झाली. मी अख्ख्या जगाला सांगितलं की टायरने काम केलं. पुढची थंडी आली आणि पुन्हा तेच. मग मी इरेला पेटलो. तिच्यासाठी नवीन फ्रेम केली, लांबट, मागच्या नळ्या बारीक, पुढचं चाक धरणारा चिमटा जरा जास्त वाकवलेला, म्हणजे धक्का हातापर्यंत यायच्या आत विरून जावा. पितळेने एकेक सांधा झाळला आणि कानशीने इतका घासला की बोट फिरवलं तर कुठे काही लागू नये. तुझ्या आईने दोन-चार दिवस चालवली, छान आहे म्हणाली, आणि मग एका संध्याकाळी कोपर सोलवटून घरी आली. आपले दातांचे डॉक्टर शर्यतीच्या सायकली चालवतात, त्यांची कार्बनची सायकल मी मागून आणली. सीट खाली घेतली, टायर बदलले. डॉक्टर आपली सायकल असं घरगुती सोंग घेऊन उभी राहिलेली बघून कळवळले. तीही आदळली. मी चारी सायकली तिच्याच रस्त्याने स्वतः चालवून बघितल्या. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा, पण वाईट एकही नाही. तुझी निळीसुद्धा, रुंद टायर घातल्यावर, फार गुणी निघाली. हल्ली भाजी आणायला मी तीच नेतो. हे बाहेर कुठे बोलू नकोस, पोट स्टीलवर आहे.

मला वाटायला लागलं की हिच्या हाडांतच काही असेल. तिलाही तसंच वाटत होतं. वय झालं म्हणायची. पेशंटना धीर देता देता ती स्वतःच्या बाबतीत इतकी पटकन हार मानायला लागली होती की मला ते बघवेना. म्हणून मी एकदा म्हणालो, आज तू निघशील तेव्हा मी तुला आणायला येतो, तुझ्या मागून चालवतो, बघू दे तरी मला फ्रेम कुठे लवते आणि कुठे नाही. ती हसली. म्हणाली, लग्नाआधी असेच मागे मागे यायचात, तेव्हा काय बघायचात कोण जाणे.

तिचा शेवटचा पेशंट म्हणजे ते निवृत्त गणिताचे मास्तर, पायाची जखम चिघळलेले. तिथून निघालो तेव्हा दिवे नुकतेच लागले होते. अंधार म्हणावा असा नव्हता, आकाशात अजून उजेड होता. मी तिच्या मागच्या चाकावर नजर ठेवून होतो. नदीकाठच्या रस्त्यावर पुढे पाण्याच्या नळासाठी खणलं होतं आणि कसंतरी बुजवलं होतं, चांगला हातभर लांब खड्डा. मला तो लांबूनच दिसला. मी मनात म्हटलं, आता ही उजवीकडून घेईल. तिने घेतली नाही. जरासुद्धा हँडल वळवलं नाही, वेग कमी केला नाही, सीटवरून उठलीही नाही. सरळ त्यात गेली, जशी सपाट रस्त्यावरून जावी तशी. सायकल दाणकन आपटली, तिने कशीबशी सावरली, पाय टेकला आणि वळून मला म्हणाली, "अहो, बघितलंत? कशी आदळते ती."

मी म्हणालो, "अगं, खड्डा होता."

ती म्हणाली, "कुठे?"

भिंगरी, ती मागे वळून बघत होती. खड्डा तिच्या पायाशी होता. तिने मान खाली घातली, थोडी इकडे, थोडी तिकडे, हरवलेली सुई शोधावी तशी, आणि मग तो तिला सापडला. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने सायकलीचं हँडल माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, चला, चालतच जाऊ. घरापर्यंत आम्ही दोघं चालतच आलो. तिच्या सायकलीचं हँडल आणि माझ्या सायकलीचं हँडल दोन्ही माझ्याच हातात, ती माझ्या कोपराला धरून. वाटेत मास्तरांची जखम भरत आलीय, एवढंच म्हणाली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तुझ्यापेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. मोठी यंत्रं नंतर आली, आधी त्यांनी एक साधी गोष्ट केली. तुझ्या आईला समोर बसवलं, त्यांच्या नाकाकडेच बघायला सांगितलं, आणि स्वतःचे दोन्ही हात तिच्या कानांच्या बाजूंनी लांब धरून बोटं हलवायला लागल्या. हात हळूहळू पुढे आणायचे, दिसले की तिने सांगायचं. मी बाजूच्या खुर्चीवर होतो. बोटं हलत होती, मला दिसत होती, आणि तुझी आई अगदी शांतपणे, शहाण्या मुलीसारखी वाट बघत होती. अजून सुरू व्हायचंय असं तिला वाटत होतं. हात जवळजवळ तिच्या समोर आले तेव्हा ती म्हणाली, हां, आता दिसली. मला उठून बाहेर जावंसं वाटलं. गेलो नाही, कारण तिने माझा हात धरला होता.

त्याचं नाव लांबलचक आहे, ते मी तुला इथे लिहीत नाही. बाईंनी समजावलं ते असं की डोळ्याच्या मागे जो पडदा असतो तो कडांकडून झिजत येतो, फार सावकाश. आधी कमी उजेडातलं जातं, मग बाजूचं आणि खालचं. मधलं बरीच वर्षं टिकू शकतं, म्हणून माणूस वाचतो, सुईत दोरा ओवतो, इंजेक्शन देतो आणि त्याला पत्ताच नसतो. कारण न दिसणाऱ्या जागी काळं काही दिसत नाही. तिथे काही नाहीच असं वाटतं. रस्ता सपाटच दिसतो. मग धक्का बसला की माणूस सायकलीला दोष देणार नाहीतर काय करणार? आणि मोठ्या दिवसांत तिची तक्रार का थांबली होती तेही मला तिथेच कळलं. माझे टायर काय आणि माझा वाकवलेला चिमटा काय, तिला फक्त उजेडात घरी यायला मिळालं होतं. बाई म्हणाल्या, जे गेलं ते परत आणायचं औषध नाही, पण वेळेवर कळलं तर पुष्कळ सांभाळता येतं, आणि आयुष्य थांबत नाही. तुझी आई त्यांना म्हणाली, हे वाक्य मी पेशंटना इतक्या वेळा ऐकवलंय की मला ते खरं आहे का हे कधी तपासायलाच मिळालं नव्हतं, आता मिळेल.

घरी आल्यावर ती दोन दिवस रुसली. माझ्यावर नाही, कुणावरच नाही, नुसतीच. तिसऱ्या दिवशी उठून पेशंटच्या घरांची वाटणी करायला बसली, चालत कुठे जाता येईल, दिवसा कुठे जाता येईल, कुणाला दुसऱ्या नर्सकडे सोपवायचं. तुला सांगायचं का म्हटलं तर नको म्हणाली. तुमच्या नव्या नाटकाचे पडदे रंगवणं चालू होतं, पहिला प्रयोग तोंडावर होता. म्हणाली, पोरगी ब्रश टाकून पळत येईल आणि माझ्या डोळ्यांकडे टक लावून बसेल, मला नाही चालायचं ते. प्रयोग होऊ दे. म्हणून गप्प राहिलो. एक मात्र तिने तेव्हाच बजावलं होतं की लेकीला कधीतरी नीट सांगा, तिच्या सायकलीत काही खोट नव्हती. ते आज सांगतोय. निळी उत्तम होती, आहे. तिने ती तुझ्यावर रागावून किंवा माझ्या भरीस पडून टांगली नाही.

त्यानंतर मी दोघांची सायकल बांधायला घेतली. पुढे मी, मागे ती. असली सायकल लांब असते. बारीक नळ्या घेतल्या तर मधेच साप वळवळावा तशी वळते, म्हणून जाड नळ्या घेतल्या. मग मागच्याला धक्के जास्त बसणार याची मला धास्ती. मागच्या सीटखालचा दांडा मी लवचीक केला, टायर ढेरी सुटलेल्या माणसासारखे गुबगुबीत घातले. पहिल्या दिवशी तिला म्हणालो, आदळली तर सांग. ती चौकापर्यंत गप्प होती. मग मागून सुरू झाली. डावीकडे खडी लागली. इथे रस्ता नवा केलाय, मऊ आहे. हे लोखंडी झाकण, सरका. मला वाटलं हिला दिसतंय. तर म्हणाली, दिसत नाही हो, तुमच्या फ्रेममधून कळतंय, आता मला बघायचं काम नाही ना, मी नुसती ऐकत बसलेय. मग म्हणाली की इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्ही या नळ्यांबद्दल जे बोलता ते सगळं गिऱ्हाइकासाठी असतं. गणिताचे मास्तर खिडकीतून आम्हाला येताना बघतात आणि हसून लोळतात. जखम बरी झाली तरी म्हणतात, येत जा, तुमची वरात बघायला बरं वाटतं. लांबच्या दोन-तीन पेशंटकडे मी तिला असाच नेतो. मी ब्रेक उशिरा दाबतो अशी तिची नवी तक्रार आहे. त्यावर कुठल्याही धातूत इलाज नाही.

आता हे पत्र का, ते लिहितो, आणि ते वाचून घाबरू नकोस, नीट बसून वाच. डॉक्टरीणबाईंनी तुझ्या आईला विचारलं होतं, घरात आणखी कुणाला असं होतं का. तिला आधी काही आठवेना. मग आजोबा आठवले, तिचे वडील, जे दिवेलागणीनंतर कधी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसत आणि आम्ही सगळे त्याला शिस्त समजत होतो. बाई म्हणाल्या, हे घराण्यातून येऊ शकतं, मुलांकडे जाईलच असं नाही, पण जाऊ शकतं. मी छातीठोकपणे सांगितलं की आमची मुलगी पडदे रंगवते, तिची नजर घारीची आहे. आणि मग परवा तुझा फोन आला. सायकल फार आदळते म्हणालीस. मी सवयीने विचारलं, केव्हा आदळते, आणि तू म्हणालीस, कामावर जाताना नाही, येताना, संध्याकाळी. विंगेत रंगाच्या बादलीला धडकून पडले तेही हसत हसत सांगितलंस. तुझ्या आईने मटारातून हात काढला नाही, पण तिचा हात थांबला होता. बाळा, सकाळी आणि संध्याकाळी फ्रेम तीच असते. म्हणून आत्ता नवी सायकल घेऊ नकोस. येत्या आठवड्यात आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय. बाईंनी तिथल्या एका चांगल्या डॉक्टरांशी बोलून ठेवलंय, आणि तुझी आई म्हणते, त्या खुर्चीवर पोरगी बसेल तेव्हा हात मी धरणार, तुम्ही बाहेर थांबा. तोवर संध्याकाळी सायकल चालवू नकोस, कुणाबरोबर तरी चालत ये. कदाचित काहीच नसेल. कदाचित तुझी फ्रेम खरंच ताठ असेल, टायरमध्ये हवा जास्त असेल, आणि मी पुढे वर्षभर तुझी चेष्टा सोसेन. इतकी वर्षं या कामात काढली, दुसऱ्याच्या फ्रेमला नावं ठेवली, स्वतःच्या फ्रेमचा तोरा मिरवला. पण एखादी फ्रेमच वाईट निघावी असं मला आजवर कधी इतकं मनापासून वाटलं नव्हतं.

तुझाच, आणि या खेपेला चूक ठरायला अगदी तयार असलेला,
बाबा